साडेतीन आणि साडेसहा वर्षांच्या पोरांना घेऊन पहिला गड: कुठला? आणि तयारी काय?

सुगरणीचा_खोपा
मंडळी, नमस्कार. लग्नाआधी मी आणि नवरा दोघंही बऱ्यापैकी भटकायचो. राजगड ते तोरणा एका दमात केलाय (तो दम आता कुठे गेला ते विचारू नका). मग थोरली झाली, मग धाकटा झाला, आणि सॅक माळ्यावर गेली ती गेलीच. परवा माळा आवरताना लेकीच्या हाताला माझा जुना हेडटॉर्च लागला. नवे सेल घातल्यावर तो चक्क पेटला. तो डोक्याला बांधून ती जेवली, तोच बांधून झोपली, आणि सकाळी उठल्याउठल्या विचारलं, "आई, हा घालून तू कुठे जायचीस?"

तर नाताळच्या सुट्टीत पोरांना पहिला गड दाखवायचा ठरलाय. आम्ही कोथरूडला राहतो. डोक्यात लोहगड आणि राजमाची आहेत. भिडू पाच: आम्ही दोघं, थोरली साडेसहा, धाकटा साडेतीन (वजन १४ किलो, हट्ट ४० किलो) आणि सासूबाई, वय ६६. "गुडघे माझे आहेत, मी बघून घेईन" असं त्यांनी आधीच जाहीर केलंय.

कुठला गड, काय न्यायचं, काय न्यायचं नाही, सगळं सांगा.

गडवेडा_७८
लोहगड. प्रश्नच नाही.

राजमाची गड म्हणून सोपा आहे, पण त्याच्या पायथ्याच्या उधेवाडीला पोचणं हेच एक काम आहे. लोणावळ्याहून चालत गेलात तर पंधरा किलोमीटरच्या वर तंगडतोड, जीपने गेलात तर हाडं खिळखिळी. तिथे मुक्कामालाच जायला हवं. पहिल्याच वेळी लहान पोरांना घेऊन मुक्काम नको.

लोहगडाला खालपासून पायऱ्या आहेत आणि एकामागून एक चार दरवाजे: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. मोठ्या माणसाला दिसते ती चढण, पोरांना दिसतात ते दरवाजे. "पुढचा दरवाजा कोण आधी शिवतो" एवढ्यावर आमचा मुलगा वर पोचला होता.

दोन सूचना. माळवली स्टेशनला उतरून भाजे गावातून चालत जायचा मोह होईल, आवरा. गायमुख खिंडीतून लोहगडवाडीला पोचेपर्यंतच दीड-दोन तास जातात आणि पोरांचं पेट्रोल तिथेच संपतं. गाडी किंवा रिक्षा करून थेट वाडीत उतरा. दुसरं म्हणजे विंचूकाटा. वरून बघायला झकास, पण त्या सोंडेवर जायला एक कातळटप्पा उतरावा लागतो. साडेतीन वर्षांच्या पोराला तिथे नेऊ नका. लांबूनच दाखवा.

आणि रविवार टाळा. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर माणसं कशी अडकून पडली होती ते २०२३ च्या व्हिडिओंत सगळ्यांनी पाहिलंय. हिवाळ्यात तेवढं नसतं, तरी मधल्या वारी गेलात तर गड तुमचा.

टवाळ_पोर
धाकट्याला पाठीवर बसायचं कॅरिअर, थोरलीला हेडटॉर्च, सासूबाईंना गुडघे. नवऱ्याला काय दिलंय ते लिहायचं राहिलं.

सुगरणीचा_खोपा
@टवाळ_पोर, नवऱ्याला धाकटा दिलाय. कॅरिअर नाहीये आमच्याकडे. घ्यावं का?

निवांत_आजोबा
वाचून जुनं आठवलं. १९८६ साली मी माझ्या पाच वर्षांच्या मुलाला राजमाचीला नेलं होतं. कर्जतकडून, कोंढाण्याच्या लेण्यांवरून. पौर्णिमा होती, दोन सेलची टॉर्च होती, आणि कार्यालयातले चार मित्र "अरे, चंद्रप्रकाशात काय मजा येते" म्हणत होते. लेण्यांपाशी दिवस मावळला. पुढे जंगलात शिरल्यावर झाडी एवढी दाट की चंद्र असून नसल्यासारखा. चिरंजीव अर्ध्या वाटेत झोपले. झोपलेलं पोर जागेपणीच्या दुप्पट जड होतं हे त्या रात्री कळलं. आळीपाळीने खांद्यावर घेत उधेवाडीत पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. एका घरात दार उघडलं, चुलीवर दूध तापवून दिलं. मुलगा जागा झाला, दूध प्याला आणि म्हणाला, "घरी कधी जायचं?"

सौभाग्यवती दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा पहिला नियम: पोराची दुपारची झोप कुठे येते ते बघून बेत आखा. सकाळी सातला पायथा, साडेअकरा-बाराला खाली. आणि अंधार पडायच्या आत गाडीत. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण दोन कड्यांच्या मधल्या वाटेवर त्याच्या आधीच दिसेनासं होतं.

दुसरं, सराव. तुम्ही पुण्यात आहात, पर्वती आहेच. १०३ पायऱ्या. दर रविवारी एकदा. माझ्या नाती आता तिथेच तयार होतायत.

कडू_औषध
बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं कडू.

पाणी. मुलं खेळण्याच्या नादात पाणी मागत नाहीत, मागतील तेव्हा उशीर झालेला असतो. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घोट, तहान असो-नसो. ओआरएसचं पाकीट बरोबर ठेवा, पण लोक त्याचं काय करतात ते दवाखान्यात रोज बघतो. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्धं पाकीट पेल्यात ओतून "थोडं कडक केलंय" म्हणणारे पालक कृपया थांबा. संपूर्ण पाकीट, पूर्ण एक लिटर पाणी. छोटं पाकीट २०० मिलीसाठी येतं, त्यावर लिहिलेलं असतं. ग्लुकोजची पावडर म्हणजे ओआरएस नव्हे.

ताप-दुखण्याचं औषध न्यायचं तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा आधीच लिहून घ्या. डोंगरावर गूगल करायला रेंज नसते.

गडाच्या भिंतींच्या फटीत, दगडाखाली हात घालायचा नाही, हे मुलांना घरीच दहा वेळा सांगा. सह्याद्रीत फुरसं दगडांच्या खालीच असतं. लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं, दिसत नाही. कुठलाही साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं तर मुळीच नाही. मुलाला उचलून घ्या, तो अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन आणि थेट सर्पदंशावरचं प्रतिविष मिळतं अशा रुग्णालयात. मावळात जवळचं कुठलं, ते निघायच्या आधी विचारून ठेवा.

आग्या मोहोळाचंही तेच. अत्तर, डिओ लावून जाऊ नका. धूर नको, आरडाओरडा नको, वर पोळं दिसलं तर तिथे बसून डबा उघडू नका.

कॅरिअर घ्यायला हरकत नाही, पण आधी वजनाची मर्यादा बघा. बरीच कॅरिअरं मूल, सामान आणि त्याचं स्वतःचं वजन धरून २० किलोच्या आसपासची असतात. तुमचा १४ चा आहे, त्यात पाण्याच्या बाटल्या घातल्या की झालं. आणि ते पाठीला बांधून वाकताना मूल डोक्यावरून पुढे येतं, म्हणून घरात एकदा पट्टे लावून, वाकून, जिना चढून बघा. एका दिवसासाठी विकत घेण्यापेक्षा कुणाचं तरी मागून आणा.

कातळकडा
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

पाच वर्षांखालच्या मुलाला गडावर नेणं ही मुलाची हौस नाही, आईबापांची आहे. पोराला घराजवळच्या वाळूच्या ढिगाऱ्यावरही तेवढाच आनंद होतो. पंधरा वर्षं बचावाच्या कामात जातोय. चुकलेली, घसरलेली, उन्हाने आडवी झालेली माणसं आणायला जातो तेव्हा वर काही जण बाळाला उंच धरून फोटो काढताना दिसतात, तेही तटाच्या कडेला. तट म्हणजे दोनशे-तीनशे वर्षांचे दगड, त्यांतला कुठला सुटलाय ते वरून कळत नाही.

धाकटा सहाचा होईपर्यंत थांबा. गड कुठे जात नाही.

टवाळ_पोर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सुगरणीचा_खोपा
@कातळकडा, राग अजिबात नाही, उलट लिहिलंत ते बरं केलंत. तटाचं लक्षात ठेवीन. पण हौस आमची आहे हे मान्य करून सांगते, मग काय झालं? स्वयंपाकघरातली हौस चालते, बागेतली चालते, डोंगराचीच हौस पोरं सहाची होईपर्यंत माळ्यावर का ठेवायची? वर पोचलंच पाहिजे असा हट्ट नाही, एवढं वचन देते.

@कडू_औषध, ओआरएसची चूक मी दोन वर्षं करत होते. "थोडं कडक" हेच माझं वाक्य होतं.

झुरिचकर
इकडचा अनुभव. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या वाटांवर पाट्या असतात आणि त्यांच्यावर अंतर नसतं, वेळ असते. पिवळी पाटी म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, पांढरा-निळा-पांढरा म्हणजे तुमचं तिथे काही काम नाही. आमची पोरगी चार वर्षांची असताना पाटीवर होतं १ तास १० मिनिटं. आम्हाला लागले चार तास. त्यातला पाऊण तास एका गाईच्या गळ्यातल्या घंटेने खाल्ला.

तेव्हापासून आमचा हिशोब सोपा आहे. मोठ्यांच्या वेळेला तीनाने गुणायचं, त्यात एक गाय मिळवायची. तुमच्याकडे गाय नसेल तर माकड धरा.

कातळकडांचा मुद्दा मला अर्धा पटतो. इकडे पालक पोरांना नेतात, पण वाट निवडताना पोराचं वय बघतात, स्वतःची ताकद नाही.

कोकणकन्या_पनवेल
माकडावरून आठवलं, लोहगडावरची माकडं साधी नाहीत हो. पिशवीची चेन उघडतात. खाण्याची प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की आलीच. डबा सॅकच्या आत, आणि पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा द्यायचा नाही. पोरगं पुडा सोडत नाही, माकडही सोडत नाही, आणि मग ओरबाडतं.

आमच्याकडे कर्नाळा आहे. पक्षी अभयारण्य, वाट जवळजवळ सगळी झाडीतून. पोरं दमली तर अर्ध्यावरून परत फिरायचं, पक्षी बघितले तरी दिवस वसूल. वरच्या सुळक्याच्या बाजूला मात्र मधमाश्या असतात, तिकडे जपून.

बाकी मला विचाराल तर पावसाळा! हिवाळ्यातले डोंगर म्हणजे सुकं गवत. पोरांना पाणी लागतं, चिखल लागतो.

कातळकडा
पावसाळा? जून २०२४ च्या शेवटच्या रविवारी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक अख्खं कुटुंब डोळ्यांदेखत वाहून गेलं, त्यात लहान मुलं होती. पाणी घोट्याएवढंच होतं तेव्हा ते उतरले होते. वरच्या बाजूला पाऊस पडतो आणि इथे पाणी चढतं, पाचेक मिनिटांत. पोरांना चिखल हवा असेल तर अंगणात बादली ओता.

कोकणकन्या_पनवेल
वाहत्या पाण्यात उतरा असं मी म्हटलेलं नाही. पण बरोबर आहे, लिहायला हवं होतं. धबधबा लांबून बघायचा, ओढा ओलांडायचाच नाही. एवढं पाळलं तर पावसाळ्यातली सपाट वाट मी अजूनही म्हणेन.

भाकरवडी_फॅन
सगळं झालं, मुख्य मुद्दा राहिला. खायला काय नेणार?

आमच्या घरची रीत: तिखटमिठाच्या पुऱ्या, उकडलेले बटाटे, काकडी, राजगिऱ्याचे लाडू. चपाती-भाजी नेऊ नका, भाजी सांडते, पोरं खात नाहीत, आणि सॅकला आठवडाभर वास येतो.

कोकणकन्या_पनवेल
दशम्या! दुधात भिजवलेल्या, गूळ घालून. दोन दिवस टिकतात, वातड होत नाहीत, लोणी लावलं की झालं.

भाकरवडी_फॅन
दशमी गोड असते हो. चढताना गोड खाऊन तहान लागते.

नाशिकची_द्राक्षं
मग धपाटे न्या. दोघांचं भांडण मिटलं.

टवाळ_पोर
दशमी विरुद्ध पुरी विरुद्ध धपाटा. मूळ प्रश्न काय होता? कुठला गड?

नाशिकची_द्राक्षं
मूळ प्रश्नावर: आमच्या बाजूला कुणी येणार असेल तर रामशेज. शहराजवळ आहे, पायऱ्या आहेत, तासाभरात वर. आणि गोष्ट काय आहे! १६८२ मध्ये मुघल फौजेने वेढा घातला, आणि एवढासा गड सहा-एक वर्षं लढला. आमच्या मुलाने वर जाऊन चारही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "एवढी वर्षं शाळा कुठे भरायची?" मला उत्तर आलं नाही.

निवांत_आजोबा
मुलांना गोष्ट आधी सांगून न्यावी की वर जाऊन सांगावी, याचं मला अजून उमगलेलं नाही. आधी सांगितली तर वर जाऊन "एवढंच?" म्हणतात. लोहगडापुरतं सांगायचं तर सुरतेच्या लुटीची गोष्ट चालते, ती लूट काही काळ इथे ठेवली होती असं सांगतात. पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, जे तेवीस किल्ले द्यावे लागले त्यात हा होता, आणि १६७० मध्ये परत घेतला. मुलांना तह कळत नाही, पण "दिलेली वस्तू परत घेतली" हे फार चांगलं कळतं. रोज तेच चाललेलं असतं घरात.

मावळचा_गडी
नमस्कार मंडळी. आम्ही त्याच बाजूचे, घरी पाहुण्यांना जेवायला घालतो. सगळं वाचलं. जरा आमच्या बाजूने सांगतो.

जेवण पाहिजे असंल तर वर चढायच्या आधी सांगून जावा. किती माणसं, पोरं किती, तिखट किती. लोक काय करतात, खाली उतरले की "काकू, लगेच द्या, पोरं भुकेली आहेत." आता भाकरी काय फ्रीजमधून काढायची आहे का? पीठ मळायचं, थापायची, तव्यावर टाकायची, मग निखाऱ्यावर फुगवायची. तोवर पोरं रडतात आणि आईबाप आमच्याकडं बघतात. सकाळी सांगितलं की बारा वाजता ताट तयार. पोरांसाठी दूधभाकर किंवा वरणभात पण होतो, फक्त सांगा.

दुसरं, संडास. आमच्या घरी आहे, विचारलं तर कोण नाही म्हणत नाही. गडावर कुठंतरी कोपऱ्यात नेऊन बसवतात लेकरांना, अन् ते डायपर तिथंच देवड्यांत (दरवाजातल्या पहारेकऱ्यांच्या खोल्यांत) कोंबून येतात. मागच्या उन्हाळ्यात साफसफाई केली तेव्हा पोत्यात भरलेत आम्ही. लोहगड आता जागतिक वारशाच्या यादीत गेलाय, २०२५ ला. फलक लागला म्हणून घाण जात नाही.

आणि पोरांना आमच्या कोंबड्यांमागं पळू द्या, काय होत नाही. फक्त कोंबडा सोडून.

सुगरणीचा_खोपा
@मावळचा_गडी, दादा, हे सोन्यासारखं सांगितलंत. डायपरचं मी विचारणारच होते. धाकट्याला बाहेर लागतो अजून. दोन पिशव्यांत बांधून खाली आणायचे, हे पक्कं.

कडू_औषध
त्या पिशव्यांबरोबर साबणाचा तुकडाही. जंतुनाशक जेल चिखलाच्या हातावर चालत नाही.

गडवेडा_७८
आणखी थोडं, आठवेल तसं:

बूट नवे घालून जाऊ नका, कुणीच. पंधरा दिवस घरात, सोसायटीत, शाळेच्या मैदानावर वापरून पायाला बसवा. मोज्यांचा जादा जोड, पोरांचे दोन. शिट्टी एकेका पोराच्या गळ्यात, आणि एकच शिकवण: आपण चुकलो असं वाटलं तर जिथे आहोत तिथेच थांबायचं, शिट्टी वाजवायची, आम्ही शोधत येऊ. चुकलेलं मूल चालत राहिलं तर शोधणं दहापट अवघड. थोरलीला घरी एकदा खेळातच करून दाखवायला लावा. तुमचा फोन नंबर बॉलपेनने दोघांच्या कोपराच्या आतल्या बाजूला लिहा, हाताच्या मागे लिहिला तर तासाभरात पुसतो.

कपडे भडक. लाल, केशरी, पिवळे. खाकी आणि हिरवे घालून सह्याद्रीत पोर हरवायचं असेल तरच घाला.

सगळ्यात पुढे थोरली, सगळ्यात मागे तुम्ही किंवा नवरा. सासूबाई मधे. पुढे चालणाऱ्या पोराची कुरकुर निम्मी होते. उतरताना मात्र मोठं माणूस पुढे.

टवाळ_पोर
आमचे बाबा सगळ्यात पुढे चालायचे, आम्ही त्यांच्या पाठीकडे बघत. "अजून किती?" विचारलं की म्हणायचे "हे काय, आलंच." आठ वर्षांचा असताना हरिश्चंद्रगडावर "आलंच" हे वाक्य मी सत्तावीस वेळा मोजलं. माणसाला बोलायचं वेड आणि मोजायचं वेड त्या दिवसापासून लागलं.

कातळकडा
@सुगरणीचा_खोपा, जाणारच आहात तर एक ऐका. परत फिरायची वेळ घरी ठरवा, वर नाही. उदा. साडेदहा. जिथे असाल तिथून मागे. वर गेल्यावर "एवढं आलोय तर" म्हणायची चूक सगळ्यांकडून होते, माझ्याकडूनही झालीय. आणि घरी राहणाऱ्या कुणाला तरी कुठे जाताय आणि किती वाजता फोन कराल, ते सांगून ठेवा.

सुगरणीचा_खोपा
वृत्तांत! काल जाऊन आलो. मंगळवार होता.

पर्वती तीन वेळा झाली होती. तिसऱ्या वेळी धाकटा स्वतःच्या पायांनी पूर्ण चढला आणि खाली येताना माझ्या कडेवर झोपला, त्यामुळे मी फुशारकीत होते. सहाला निघणार होतो, सात वीसला निघालो. धाकट्याचा एक बूट सापडेना, शेवटी वॉशिंग मशीनमध्ये मिळाला. कोण म्हणतं मशीनमध्ये बूट टाकला? कुणीच नाही.

लोहगडवाडीत पोचलो तेव्हा पावणेनऊ. एका घरी पाच जणांचं जेवण सांगितलं. साडेदहा ही परतीची वेळ थोरलीच्या हातावर पेनाने लिहिली, तिच्याकडेच घड्याळ दिलं. तिकीट काढून पायऱ्या चालू केल्या. पहिल्या दहा मिनिटांत सासूबाई आमच्या पुढे गेल्या. त्या रोज चार मजले चढतात, लिफ्ट बंद पडते म्हणून, हे आम्ही विसरलो होतो.

गणेश दरवाजा, शिवला. मग नारायण दरवाजा. त्याच्या देवडीत गेलो तेव्हा सावली होती आणि जमिनीवर बारीक, भुसभुशीत माती. त्या मातीत नरसाळ्यासारखे खड्डे होते, रुपयाएवढे, अगदी गुळगुळीत, एकाशेजारी एक वीस-पंचवीस. धाकटा खाली बसला. एक मुंगी काठावर आली, मातीचे कण निसटले, ती घसरत तळाशी गेली आणि तळातून काहीतरी हललं. मातीचा एक झटका, दुसरा झटका, आणि मुंगी आत. धाकट्याने श्वास रोखून बघितलं, आणि मग माझ्याकडे न बघता हळू म्हणाला, "कुणीतरी राहतं." पुढचा पाऊण तास तो तिथून हलला नाही. पोटावर झोपून, हनुवटी हातावर ठेवून. दुसऱ्या खड्ड्यात काडी घालून बघितली, मग तिसऱ्या. आजी बाजूला बसून संत्र सोलत होत्या.

थोरली मात्र कावली. "आई, हा माणूस गडावर आलाय की मातीत?" म्हणून नवरा तिला घेऊन हनुमान दरवाजा आणि महादरवाजा करून वर गेला. सोळा कोनांचं तळं तिने पूर्ण फेरी मारून मोजलं. पंधरा आले. परत मोजलं, सतरा आले. परत फिरायची वेळ झाली म्हणून खाली आली आणि आता तिचा हट्ट आहे की पुन्हा जाऊन मोजायचं. विंचूकाटा वरूनच बघितला.

म्हणजे मी वर गेलेच नाही. राजगड-तोरणा एका दमात केलेली बाई लोहगडाच्या दुसऱ्या दरवाजात पाऊण तास बसून आली. आणि कातळकडा, साडेदहाच्या नियमाबद्दल आभार, कारण नवरा वरून फोन करून म्हणत होता, "एवढं आलोय तर." त्याला थोरलीनेच घड्याळ दाखवलं.

माकडाने पुऱ्या नेल्या. सगळ्या. अख्खा डबा, झाकणासकट. @भाकरवडी_फॅन, क्षमस्व. @कोकणकन्या_पनवेल, सॅकच्या आतच ठेवला होता, पण मी संत्रं काढायला सॅक उघडली आणि बंद करायला विसरले.

खाली भाकरी, झुणका, आणि पोरांना दूधभाकर. धाकटा कोंबडीमागे पळाला, मग कोंबडा धाकट्यामागे. परतीच्या वाटेवर दोघं तळेगावच्या आधीच झोपले.

टवाळ_पोर
"कुणीतरी राहतं." आता हे वाक्य मी प्रत्येक गडावर म्हणणार.

कडू_औषध
मातीच्या खड्ड्यांना तोंड लावून पाऊण तास. आजच्या रात्री नाक साफ करा. बाकी फार छान.

निवांत_आजोबा
त्या खड्ड्यांना आम्ही लहानपणी फुंकर मारायचो. किडा बाहेर यायचा आणि उलटा चालायचा. धाकट्याला सांगा.

कातळकडा
दरवाजातून परत आलात. वाचून बरं वाटलं. माझं मत बदललेलं नाही.

सुगरणीचा_खोपा
चालेल. :)

मावळचा_गडी
ताई, तुम्ही जेवलात ते आमच्या चुलत्याचं घर. दोरीवर एक लाल मोजा वाळत टाकलाय. बारक्या मापाचा.

सुगरणीचा_खोपा
आमचाच! ठेवा दादा. कोन मोजायला फेब्रुवारीत येतोय.

नवा_भिडू_ठाणे
धागा पूर्ण वाचलेला नाही, क्षमस्व. आमचं बाळ नऊ महिन्यांचं आहे. २६ जानेवारीला कळसूबाई जमेल का?

कातळकडा
नाही.